खिडकी, तार आणि तिसरा कान : घरगुती सोय व खाजगीपणा यांच्या संबंधाचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

इ.स. १८८२ च्या आरंभी हिंदुस्थानात, परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या, दोन घटना अवघ्या तीन आठवड्यांच्या अंतराने घडल्या. २८ जानेवारी रोजी कोलकाता, मुंबई आणि मद्रास या तीन शहरांत टेलिफोनची केंद्रे औपचारिकरीत्या सुरू झाली. त्यानंतर १७ फेब्रुवारी रोजी सुविधाधिकार अधिनियम संमत झाला. या अधिनियमाच्या अठराव्या कलमात रूढीजन्य अधिकाराचे एक उदाहरण दिलेले आहे : एखाद्या नगरात अशी रूढी असेल की, शेजाऱ्याच्या खाजगीपणाला मोठी बाधा येईल अशी नवी खिडकी कोणी आपल्या घराला पाडू नये, तर त्या नगरात तशी खिडकी पाडता येणार नाही. एकीकडे डोळ्यांना अडवणारी खिडकीची रूढी कायद्याच्या पुस्तकात नोंदली जात होती, तर दुसरीकडे कानांना वाट करून देणारी तार घराच्या भिंतीतून आत येत होती. डोळ्यांचा बंदोबस्त करणाऱ्यांना कानांचा विचार सुचला नाही, याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. तार म्हणजे काय हेच तेव्हा थोड्यांना ठाऊक होते.

आज घरात येणारी उपकरणे पाहतात, ऐकतात, मोजतात आणि लक्षातही ठेवतात. आज्ञा ऐकून दिवे लावणारा स्पीकर, दारावरचा कॅमेरा, दर काही मिनिटांनी वापर नोंदवणारा वीजमीटर, घरभर फिरून केर काढणारे यंत्र ही सर्व ‘स्मार्ट’ या एका विशेषणाखाली ओळखली जातात. त्यांच्याविषयीची चर्चा बहुधा दोन टोकांना अडकते. सोयीसाठी थोडा खाजगीपणा सोडावाच लागतो असे एक पक्ष म्हणतो, तर अशी उपकरणे घरात आणूच नयेत असे दुसरा म्हणतो. प्रस्तुत लेखकास या दोन्ही भूमिका इतिहासाला सोडून वाटतात. घरात सोय आली की तिच्याबरोबर एक तिसरा कान येतो, हे सुमारे दीडशे वर्षांपासून घडत आले आहे. त्या कानाशी समाजाने प्रत्येक वेळी काही ना काही तडजोड केली आणि ती तडजोड केवळ ग्राहकाच्या सावधगिरीवर कधीच सोडलेली नव्हती. ही तडजोड कशी होत गेली आणि आज तिच्यातील कोणता दुवा निखळला आहे, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

खिडकीची रूढी

१८८२ च्या अधिनियमातील ते उदाहरण कल्पनेतून आलेले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने १८६७ मध्येच गुजरातेतील अशी रूढी मान्य केली होती. पुढे १८८८ मध्ये गोकल प्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने, पडदानशीन स्त्रिया जेथे वावरतात त्या भागावर नजर पडेल असे बांधकाम शेजाऱ्याने करू नये, ही रूढी ग्राह्य धरली. अमेरिकेत सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस यांचा खाजगीपणाच्या अधिकारावरील विख्यात निबंध १८९० च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. त्याच्या दोन वर्षे आधी आपल्याकडील न्यायालय या विषयावर निर्णय देऊन मोकळे झाले होते. खाजगीपणा ही पाश्चात्त्यांकडून आलेली कल्पना आहे, असे आपल्याकडे अनेकदा सहजपणे म्हटले जाते. ते म्हणणाऱ्यांनी हे निवाडे एकदा डोळ्यांखालून घालावेत.

तथापि, या रूढीने नेमके कोणाचे रक्षण केले, हे पाहणे अगत्याचे आहे. हा अधिकार व्यक्तीला मिळाला नव्हता, तर घराला, म्हणजे घराच्या मालकाला मिळाला होता. स्त्रियांवर परक्याची नजर पडू नये यासाठी तो होता. त्या स्त्रियांना घरातल्या घरात काही एकांत असावा, हा त्याचा विषय नव्हता. मराठीतील ‘खासगी’ या शब्दाचा इतिहासही असाच बोलका आहे. मराठेशाहीत खासगी म्हणजे राज्यकर्त्याच्या घराण्याचे स्वतंत्र उत्पन्न, सरकारी दौलतीहून निराळे. होळकर घराण्यातील गौतमाबाईंना १७३४ मध्ये मिळालेली खासगी जहागीर हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. म्हणजे हा शब्द मुळात मिळकतीचा आहे; मनाशी आणि देहाशी त्याची सोयरीक पुष्कळ नंतर जुळली.

वाड्यातील माजघर आणि चाळीतील एकच एक खोली यांत एकांताला जागा किती असणार? तरीही तेथे खाजगीपणा होता आणि तो वर्तनाने सांभाळला जात असे. चाळीच्या गॅलरीतून जाताना उघड्या दारातून आत न पाहणे, पलीकडच्या बिऱ्हाडातील भांडण ऐकूनही न ऐकल्यासारखे करणे, कळलेली गोष्ट चारचौघांत न काढणे, हे शिष्टाचार कोणत्याही कायद्यात नव्हते. भिंतींना कान असतात हे सर्वांनाच माहीत होते. पण त्या भिंतीपलीकडच्या कानांचेही आपल्यासारखेच घर होते आणि त्याचे बोलणे आपल्यालाही ऐकू येत होते, या परस्परतेवर सारा व्यवहार तोललेला होता.

जोडून देणारी बाई

टेलिफोनने ही परस्परता प्रथम मोडली. ग्राहम बेल यांना ७ मार्च १८७६ रोजी टेलिफोनचे पेटंट मिळाले आणि २८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेतील न्यू हेवन येथे पहिले व्यावसायिक केंद्र सुरू झाले. त्याचे ग्राहक २१ आणि तारा मात्र ८. अर्थात एकेक तार अनेकांनी वाटून घेतलेली. अशा सामाईक तारा पुढे अमेरिकेच्या ग्रामीण भागात कित्येक दशके टिकल्या. प्रत्येक घरासाठी घंटेची खूण वेगळी असे. पण घंटा सर्वांकडेच वाजे आणि चोंगा हळूच उचलून ऐकणे हा गावोगावचा विरंगुळा होऊन बसला. शेजारी ऐकत आहे हे गृहीत धरूनच लोक बोलत. येथपर्यंत चाळीची रीत लागू होती.

केंद्रात बसून तारा जोडून देणारी व्यक्ती मात्र शेजारी नव्हती. प्रारंभी या कामावर मुलगे होते. त्यांच्या उद्धटपणाला ग्राहक विटले आणि १ सप्टेंबर १८७८ रोजी बोस्टन येथे एमा नट ही पहिली महिला ऑपरेटर कामावर रुजू झाली. कोणी कोणाला किती वेळा फोन केला, डॉक्टरांना मध्यरात्री कोणी बोलावले, हे सर्व जोडून देणाऱ्या बाईला कळत असे. आणि मनात आणल्यास ती बोलणेही ऐकू शकत असे. तिच्याबद्दल ग्राहकाला मात्र काहीच ठाऊक नसे. सोयीच्या बदल्यात एका अनोळखी व्यक्तीला घराच्या आतल्या गोष्टी कळू देण्याचा हा प्रारंभ होय.

या स्थितीवर समाजाने दोन उपाय केले. पहिला कायद्याचा होता. १८८५ च्या तार अधिनियमाने अनधिकृतपणे संदेश जाणून घेण्याचा प्रयत्न करणे हा गुन्हा ठरवला (कलम २४). तार खात्यातील कर्मचाऱ्याने संदेश मध्येच हेरला किंवा त्यातील मजकूर फोडला, तर त्याला स्वतंत्र शिक्षा सांगितली (कलम २६). सार्वजनिक आणीबाणीच्या प्रसंगी सरकारला संदेश अडवण्याची मुभा त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने दिली, हा भाग निराळा. त्याकडे पुढे वळू.

दुसरा उपाय यंत्राचा होता. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारे आल्मन स्ट्रोजर यांना असा संशय होता की, केंद्रातील ऑपरेटर त्यांच्या गिऱ्हाइकांचे फोन प्रतिस्पर्ध्याकडे वळवते. ती प्रतिस्पर्ध्याच्या नात्यातली होती, अशी आख्यायिकाही सांगितली जाते. तिच्या खरेखोटेपणाची खातरजमा करणे आज कठीण आहे. इतके खरे की स्ट्रोजर यांनी ऑपरेटरशिवाय तारा जोडणारे यंत्र तयार केले. त्याचे पेटंट १८९१ मध्ये मिळाले आणि ३ नोव्हेंबर १८९२ रोजी इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे पहिले स्वयंचलित केंद्र सुरू झाले. हिंदुस्थानात असे पहिले केंद्र १९१३-१४ मध्ये सिमल्यास, ७०० तारांच्या क्षमतेचे उभे राहिले. ग्रीष्मकालीन राजधानीच्या ठिकाणीच ते प्रथम यावे, हे विचार करण्याजोगे आहे.

स्ट्रोजर यांचे यंत्र ही आपल्या विषयाच्या दृष्टीने असाधारण गोष्ट आहे. सोय वाढली आणि त्याच पावलाने खाजगीपणाही वाढला. फिरत्या तबकडीच्या प्रत्येक ठोक्यागणिक केंद्रातील यंत्राचा हात सरकत जाई आणि जोडणी होई. बोलणे संपले की यंत्र पूर्वस्थितीला येई. मागे उरे तो फक्त एककांच्या मोजणीचा आकडा. सोय आणि खाजगीपणा हे तराजूच्या दोन पारड्यांसारखे असतात, एक वर गेले की दुसरे खाली जातेच, असे समजणाऱ्यांना हे यंत्र म्हणजे एक सडेतोड उत्तर आहे. काय होणार हे यंत्र कशासाठी घडवले यावर अवलंबून असते.

आपल्याकडे ऑपरेटरचे युग बरेच लांबले, याची आठवण आज पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक प्राध्यापकाला असेल. १९६० मध्ये लखनौ व कानपूर यांच्या दरम्यान थेट दूरध्वनीची सेवा सुरू झाली असली, तरी परगावी बोलायचे म्हणजे ट्रंक कॉल लावायचा, तासन् तास वाट पाहायची आणि ऑपरेटरने ‘बोला’ म्हटले की घसा ताणून बोलायचे, हा अनुभव त्यानंतरही दीर्घकाळ सार्वत्रिक होता. घरात फोन असणे हीच अपूर्वाई असल्यामुळे अनेकांच्या ओळखपत्रावर शेजाऱ्याचा क्रमांक आणि त्यापुढे ‘पी.पी.’ ही अक्षरे छापलेली असत. नोकरीचा होकार, स्थळाचा नकार, आजारपण, मृत्यू या साऱ्या वार्ता शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात उभे राहून ऐकाव्या लागत आणि घरची मंडळी तेवढ्यापुरती आत निघून जात. प्रस्तुत लेखकाच्या लहानपणी ज्या घरी आमचा असा फोन येत असे, तेथील काकू फोन आला की हटकून स्वयंपाकघरात भांडी लावावयास जात. भांड्यांचा तो आवाज मुद्दाम केलेला असे, हे बऱ्याच वर्षांनी उमगले. त्याच फोनच्या तबकडीला एक लहानसे कुलूपही असे. ते चोरासाठी नव्हते. मुले, कामाची माणसे आणि क्वचित घरातील सून यांनी परवानगीवाचून फोन फिरवू नये यासाठी ते होते. यंत्र आले की घरातील अधिकाराची उतरंडही त्याला येऊन चिकटते.

तारेवरचे कान

यंत्राने ऑपरेटरला बाजूला सारले. परंतु तार रस्त्यावरूनच जात होती. अमेरिकेत दारूबंदीच्या काळात सिएटल येथील माजी पोलीस अधिकारी रॉय ओमस्टेड यांचा दारूचा चोरटा व्यापार सरकारी हस्तकांनी तारेला जोड देऊन उघडकीस आणला. १९२८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, हस्तकांनी घरात पाऊल टाकलेले नाही, तार बाहेर जोडली, त्यामुळे घराची झडती झालीच नाही. विरोधी मत देणाऱ्यांत १८९० च्या निबंधाचे सहलेखक ब्रँडाइस हे स्वतः न्यायमूर्ती म्हणून होते. बहुमताने घराची सीमा भिंतीपाशी आखली; माणसाचे बोलणे तारेतून भिंतीबाहेर गेल्यावरही त्याचेच असते, हे मान्य होण्यास कॅट्झ खटल्यापर्यंत, म्हणजे १९६७ पर्यंत थांबावे लागले. गंमत अशी की तो खटला घराचा नव्हताच. तो लॉस एंजेलिस येथील रस्त्यावरच्या सार्वजनिक टेलिफोनचा होता.

आपल्या न्यायालयांचा प्रवासही सरळ रेषेत झाला नाही. १९६२ मध्ये खरक सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण खाजगीपणाचा स्वतंत्र मूलभूत अधिकार मानण्यास नकार दिला. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा मुंबईत घडलेला खटला १९७२ मध्ये निकालात निघाला. त्यात मुंबईच्या कॉरोनरवर लाच मागितल्याचा आरोप होता आणि एका डॉक्टरच्या संमतीने त्याच्या टेलिफोनला ध्वनिमुद्रक जोडून पोलिसांनी संभाषण टिपले होते. न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती पुरेशी ठरली. ‘संमती’ या शब्दाला पुढे जे अपार महत्त्व येणार होते, त्याची चाहूल येथे लागते. १९९६ मध्ये पीयूसीएलच्या याचिकेवर निर्णय देताना न्यायालयाने टेलिफोनवरील संभाषणाला खाजगीपणाचे संरक्षण दिले आणि १८८५ च्या पाचव्या कलमाला कार्यपद्धतीचा लगाम घातला. तो लगाम कागदोपत्रीच राहिला नाही : २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्याचे तीन आदेश या नियमांत बसत नाहीत म्हणून रद्द केले. अखेर २०१७ च्या पुट्टस्वामी निर्णयात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे घोषित केले.

या साऱ्या निवाड्यांपेक्षा आपल्या विषयाला अधिक जवळचा निवाडा मात्र १९७९ चा, स्मिथ विरुद्ध मेरिलँड हा अमेरिकी निवाडा आहे. फिरवलेल्या क्रमांकांची नोंद पोलिसांनी टेलिफोन कंपनीकडून वॉरंटवाचून मिळवली, ती वैध ठरली. ग्राहकाने क्रमांक स्वतःहून कंपनीला कळवला, मग गुप्तता कसली, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. त्यातील एक वाक्य तर आपल्या कथेची जणू कळच आहे : आजची जोडणी करणारी यंत्रसामग्री म्हणजे पूर्वीच्या ऑपरेटरचेच आधुनिक रूप होय, अशा आशयाचे ते वाक्य आहे. येथे न्यायालयाची गफलत झाली, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. ऑपरेटर ऐकत असे आणि विसरत असे. दिवसभरात शेकडो जोडण्या करणाऱ्या बाईच्या स्मरणात संध्याकाळी काय उरणार? स्ट्रोजर यांचे यंत्र तर ऐकतही नसे. त्यानंतरचे यंत्र मात्र नोंद ठेवू लागले आणि त्याला विस्मरण नाही. ऑपरेटर आणि नोंद ठेवणारे यंत्र यांना एकाच मापाने मोजल्यामुळे, विस्मरणाने आपोआप मिळणारे संरक्षण कायद्याच्या हिशेबातून निसटले. मोबाइलच्या ठिकाणांच्या नोंदींबाबत २०१८ च्या कार्पेंटर खटल्यात त्याच न्यायालयाला हा सिद्धान्त मर्यादित करावा लागला, तो चाळीस वर्षांच्या अनुभवानंतर.

मीटरची साक्ष

तारेबरोबर घरात आलेली दुसरी वस्तू म्हणजे विजेचा मीटर. महिन्यातून एकदा येऊन आकडा टिपून नेणारा माणूस घराविषयी फारसे काही सांगू शकत नसे. १९८० च्या दशकात एमआयटी या संस्थेत जॉर्ज हार्ट हे संशोधक घराच्या मुख्य वीजजोडणीवरील चढउतारांवरून आत कोणते उपकरण केव्हा चालू झाले, हे ओळखण्याच्या तंत्रावर काम करीत होते. शीतकपाट, पंप, शेगडी या प्रत्येकाची विजेच्या प्रवाहातील खूण वेगळी असते. हे तंत्र घरात न शिरता घरातील दिनक्रम उघडा करू शकते, हे ध्यानात येताच हार्ट यांनी १९८९ मध्ये त्याच्या संभाव्य दुरुपयोगाविषयी इशारा देणारा लेख स्वतःच प्रसिद्ध केला. आपल्याच शोधाविरुद्ध इतक्या लवकर साक्ष देणारे संशोधक विरळा.

२००१ मध्ये कायलो खटल्यात घराच्या भिंतीतून बाहेर पडणारी उष्णता यंत्राने मोजणे, हीसुद्धा वॉरंटवाचून केलेली बेकायदा झडती ठरली. घरातील स्त्री रात्री कोणत्या वेळी स्नान करते, एवढी साधी गोष्टही अशा मापनातून कळू शकते, असे न्यायमूर्ती स्कालिया यांनी दाखवून दिले. १८८८ च्या अलाहाबादच्या निवाड्याशी याचे नाते आश्चर्यकारक आहे. केवळ खिडकीची जागा उष्णतेने घेतली. पुढे २०१८ मध्ये इलिनॉय राज्यातील नेपरव्हिल नगराच्या स्मार्ट मीटरविषयी तेथील संघीय अपील न्यायालयाने मध्यममार्ग काढला. दर पंधरा मिनिटांची नोंद घेणे ही झडतीच आहे, असे त्याने मानले. परंतु हेतू वीजव्यवस्थापनाचा असल्याने व फौजदारी तपासाचा नसल्याने ती वाजवी ठरवली. नोंद कोणत्या कामासाठी घेतली, यावर तिची वैधता ठरू लागली.

केंद्र सरकारने २०२१ मधील योजनेत देशभर प्रीपेड स्मार्ट मीटर बसवण्याचा कार्यक्रम आखला. महाराष्ट्रात २०२४ मध्ये त्याला जो विरोध झाला, त्याचा मुख्य रोख वाढीव बिलाचा धोका आणि आगाऊ भरणा यांवर होता. तो रास्तही होता. परंतु मीटर घराविषयी काय काय सांगू शकतो, या प्रश्नाला त्या वादात क्वचितच स्थान मिळाले.

बोलके घर

आता आजच्या घराकडे वळता येईल. २०१४ हे वर्ष या क्षेत्रात दोन घटनांनी ओळखले जाते. जानेवारीत गूगलने नेस्ट ही तापमान-नियंत्रक बनवणारी कंपनी ३.२ अब्ज डॉलर देऊन घेतली आणि नोव्हेंबरात अॅमेझॉनने एको हा बोलका स्पीकर बाजारात आणला. तो भारतात २०१७ मध्ये आला. या स्पीकरची रचना समजून घेणे आवश्यक आहे. त्याचा ध्वनिग्राहक सतत जागा असतो. पण ‘अॅलेक्सा’ सारखा ठरावीक शब्द कानी पडेपर्यंतचे बोलणे तो यंत्रातच क्षणभर धरतो आणि सोडून देतो. शब्द ओळखला की पुढचे बोलणे कंपनीच्या दूरस्थ संगणकाकडे जाते. म्हणजे यंत्राचा निम्मा भाग स्ट्रोजर यांच्या यंत्रासारखा विसरणारा आहे आणि निम्मा लक्षात ठेवणारा. सारा भरवसा त्या एका शब्दाच्या उंबरठ्यावर आहे. आणि यंत्र तो शब्द चुकून दुसऱ्याच आवाजात ऐकते, हे आता सर्वज्ञात आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे एका दांपत्याचे घरगुती बोलणे अशाच चुकांच्या साखळीतून ध्वनिमुद्रित होऊन त्यांच्या ओळखीच्या व्यक्तीकडे परस्पर गेले.

२०१९ च्या एप्रिलमध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने उघड केले की, अॅमेझॉनने जगभर हजारो माणसे नेमली असून ती अॅलेक्साने टिपलेले आवाजाचे तुकडे ऐकून लिहून काढतात, जेणेकरून यंत्राचे भाषाज्ञान सुधारावे. ती माणसे बोस्टन, कोस्टा रिका, रुमानिया आणि भारत येथे बसून हे काम करीत होती. त्याच वर्षी गूगल व अॅपल यांच्याकडेही अशीच पद्धत असल्याचे उजेडात आले. अॅपलने ऑगस्टमध्ये क्षमा मागून हे ऐकणे ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवर सोपवले. स्ट्रोजर यांनी ज्या ऑपरेटरला घालवले होते, ती अशा रीतीने परत आली. आणि ज्या बोस्टनमध्ये एमा नट कामावर बसली होती, तेथेही आली. फरक इतकाच की, जुनी ऑपरेटर तारेवर आहे हे ग्राहकाला ठाऊक होते आणि तिने बोलणे फोडल्यास शिक्षेचे कलम होते. नवी ऑपरेटर आहे याचा ग्राहकाला पत्ताच नव्हता.

नोंदीचे दुसरे टोक न्यायालयात पोहोचते. २०१५ मध्ये अमेरिकेतील बेंटनव्हिल येथील एका मृत्यूच्या तपासात पोलिसांनी एकोवरील ध्वनिमुद्रण मागितले. अॅमेझॉनने प्रथम विरोध केला आणि आरोपीने स्वतः संमती दिल्यावर ते दिले. त्या रात्री पाणी किती वापरले गेले याची स्मार्ट मीटरची नोंदही तपासात मांडली गेली. २०१७ च्या अखेरीस आरोप मागे घेण्यात आले. घर आपल्या मालकाविरुद्ध आणि प्रसंगी त्याच्या बाजूनेही साक्ष देऊ लागले.

या उपकरणांची रचना ग्राहकाच्या निवडीवर आधारलेली आहे, असे उत्पादक सांगतात. ही निवड किती टिकाऊ असते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. एकोच्या काही प्रतिरूपांत आवाज दूर न पाठवता यंत्रातच ओळखण्याची सोय ग्राहकाला दिलेली होती. २८ मार्च २०२५ पासून ती अॅमेझॉनने बंद केली. नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षमतांसाठी दूरस्थ संगणक आवश्यक असल्याचे कारण दिले. यंत्र तेच, घर तेच, भिंतीवरची जागाही तीच. करार मात्र एकतर्फी बदलला. तबकडीच्या कुलपाची किल्ली निदान घरात असे.

घरातील इतरेजन

येथवर ग्राहक आणि कंपनी, नागरिक आणि सरकार यांचा विचार केला. परंतु घर म्हणजे एक माणूस नव्हे. पुण्यात किंवा ठाण्यात एकटे राहणारे वृद्ध आईवडील आणि परदेशातील मुले यांच्यामध्ये आज कॅमेरा हा मोठाच दिलासा आहे. रात्री आई न्हाणीघराकडे गेली आणि परतली, एवढे दिसले तरी सातासमुद्रापलीकडे झोप लागते. या सोयीची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तरीही कॅमेरा कोठे लावावा आणि तो केव्हा बंद असावा, हे आईने ठरवले की मुलाने, हा प्रश्न उरतोच. अनेक घरांत तो विचारलाच जात नाही, कारण यंत्राचे खाते आणि परवलीचा शब्द मुलाच्या हाती असतो.

डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी आपल्याकडे २०२३ मध्ये कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमल टप्प्याटप्प्याने होत आहे. कंपन्यांनी संमती कशी घ्यावी, माहिती केव्हा पुसावी, याची बंधने त्यात आहेत. विस्मरणाला कायद्याने पुन्हा स्थान दिले, हे त्याचे मोठेच श्रेय. परंतु त्याच्या तिसऱ्या कलमात एक अपवाद आहे : एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक वहीत लिहिणाऱ्याला कायद्याचा काच होऊ नये, हा हेतू समजण्याजोगा आहे. मात्र घरमालकाने स्वयंपाकघरात लावलेला कॅमेराही याच अपवादात जाऊन बसतो.

२०२५ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयापुढे एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांचा वाद आला. घरातील मौल्यवान वस्तूंच्या रक्षणासाठी म्हणून एका भावाने निवासी भागात कॅमेरे बसवले होते. सहनिवासी भावाच्या संमतीवाचून असे कॅमेरे चालवणे हा त्याच्या खाजगीपणाचा भंग आहे, असे न्यायालयाने पुट्टस्वामी निर्णयाचा आधार घेऊन म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. घराचा असलेला अधिकार घरातील माणसाचा झाला, १८८८ पासून येथवरचे हे अंतर लहान नाही. पण ते दोघेही भाऊ होते आणि त्या घरावर दोघांचाही हक्क होता.

सकाळी आठ वाजता भांडी घासण्यास येणाऱ्या बाईचा असा कोणताही हक्क त्या घरावर नसतो. तिच्या देहाचे लाजिरवाणे चित्रण केल्यास फौजदारी कायदा आहे. ती काम करताना किती वेळा थांबली, कोणाशी फोनवर बोलली, डब्यातला बेसनाचा लाडू तिने तोंडात टाकला का, हे रोज पाहिले आणि साठवले जाते, तेव्हा तिने दाद कोठे मागावी, हे २०२३ च्या कायद्यातून सापडत नाही. चाळीतील खोलीत तिचे जे बोलणे शेजारीण ऐकून न ऐकल्यासारखे करते, ते या घरातल्या ओट्यावर ठेवलेला स्पीकर ऐकतो; आणि त्याला कोणत्या नावाने हाक मारली की तो जागा होतो, एवढेही तिला बहुधा कोणी सांगितलेले नसते.